समुद्राचा ताप आणि थर्मामीटरची निगा

दर वर्षी एप्रिलच्या मध्यावर भारतीय हवामानशास्त्र विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतो. सरासरीच्या किती टक्के पाऊस, एल निनोची स्थिती काय, इंडियन ओशन डायपोल अनुकूल की प्रतिकूल, यावर मग महिनाभर चर्चा रंगते. शेतकरी बियाण्यांचा हिशेब मांडतात, शहरांच्या पालिका धरणातला साठा मोजतात. या अंदाजाचा मोठा भाग समुद्राच्या पोटात साठलेल्या उष्णतेवर उभा असतो. ती उष्णता मोजते कोण, कशाने मोजते आणि ते उपकरण शेवटचे कधी तपासले होते, हे मात्र कोणी विचारत नाही. रुग्णाचा ताप अचानक १०५ दिसला, तर अनुभवी नर्स आधी थर्मामीटर झटकून पुन्हा लावते. समुद्राच्या बाबतीत तेवढी सोय नाही. थर्मामीटर किनाऱ्यापासून हजार किलोमीटरवर, दोन किलोमीटर खोल पाण्यात असतो.

हा विषय आत्ता काढण्याचे कारण वॉशिंग्टनमध्ये आहे. अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था हवामान आणि महासागर यांच्या निरीक्षणाचा जगातला एक मोठा आधार आहे. २०२५ मध्ये तिच्या मनुष्यबळात मोठी कपात झाली आणि २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी तिचा संशोधन विभागच गुंडाळण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. तिथले प्रस्ताव आणि तिथली संसद यांचा झगडा त्यांचा ते पाहतील. आपल्यापुरता मुद्दा असा, की जगभरच्या समुद्रांत सोडलेल्या ‘आर्गो’ फ्लोटपैकी सुमारे निम्मे अमेरिकेचे आहेत आणि हिंद महासागरातील ‘रामा’ या नांगरलेल्या बोयांच्या जाळ्यात भारताबरोबरची मोठी भागीदार ‘नोआ’च आहे. विदर्भातल्या पावसाच्या अंदाजाला लागणारी आकडेवारी दुसऱ्या देशाच्या खर्चकपातीवर अवलंबून असावी, हे कोणालाही रुचणार नाही. पण वस्तुस्थिती तीच आहे.

उपग्रह असताना पाण्यात उपकरणे कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. उपग्रह समुद्राची फक्त कातडी पाहतो. पृष्ठभागाचे तापमान, लाटा, पाण्याची पातळी, हिरवेपणा त्याला दिसतो; पन्नास मीटर खाली काय चालले आहे ते दिसत नाही. अंगाला हात लावून ताप कळतो, न्यूमोनिया कळत नाही, तसेच हे. शिवाय कातडीचे वाचनही फसू शकते. १९८२ च्या वसंतात मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याची राख व गंधकाचे कण वातावरणात पसरले. त्यांच्यामुळे उपग्रहांना प्रशांत महासागराचे पाणी प्रत्यक्षापेक्षा थंड दिसू लागले. त्याच काळात तिथे शतकातला एक तीव्र एल निनो आकार घेत होता. तो पुरता अंगावर येईपर्यंत शास्त्रज्ञांच्या लक्षात आला नाही. त्या नामुष्कीतून विषुववृत्तावर प्रशांत महासागराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे सत्तर बोया नांगरण्याचे काम सुरू झाले. ‘ताओ’ नावाचे ते जाळे १९९४ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पुढे काय झाले, ते ओघात येईलच.

समुद्राची नाडी पाहणारी उपकरणे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. एक जागेवर नांगरून ठेवलेली, दुसरी प्रवाहाबरोबर भटकणारी. नांगरलेल्या बोयावर हवा, वारा, दाब मोजणारी यंत्रे असतात आणि त्याच्या खाली लोंबणाऱ्या तारेवर ठरावीक खोलीवर सेन्सर बांधलेले असतात. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था नव्वदच्या दशकापासून अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात असे बोया सांभाळते. त्यांतले काही ५०० मीटरपर्यंतचे तापमान आणि क्षारता सांगतात. भटकणारे म्हणजे आर्गो फ्लोट. माणसाच्या उंचीचे नळकांडे, वर अँटेना. ते १,००० मीटर खोलीवर सुमारे दहा दिवस वाहत राहते, मग २,००० मीटरपर्यंत बुडते, आणि तिथून वर येताना पाण्याच्या थराथरात तापमान, क्षारता आणि दाब मोजत येते. वर आले की उपग्रहाला माहिती पाठवते आणि पुन्हा बुडते. असे सुमारे ४,००० फ्लोट जगभर फिरत आहेत. भारतीय भागाची माहिती हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत जमा होते आणि तिथून ती मोसमी पावसाच्या अंदाजाच्या संगणकीय प्रारूपात जाते.

यातल्या क्षारतेच्या मोजणीकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण नाजूकपणा तिथे आहे. पाण्यातले मीठ कोणी आटवून मोजत नाही. काचेच्या बारीक नळीतून पंपाने समुद्राचे पाणी खेचले जाते, आत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असतात आणि पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहिले जाते. मीठ जास्त, तर वीज जास्त. पण पाणी गरम असले तरीही वीज जास्त वाहते. तापमानात एक अंशाची चूक झाली तर क्षारतेच्या आकड्यात जवळपास एका एककाची चूक होते. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि शास्त्रज्ञांना त्यातला ०.०१ चा फरक टिपायचा असतो. आर्गोच्या तापमानाची अपेक्षित अचूकता अंशाच्या पाचशेव्या भागाइतकी आहे. घरातला डिजिटल थर्मामीटर अंशाचा दहावा भाग बरोबर सांगतो, म्हणून आपण खूश असतो.

इतकी अचूकता कशाला? समुद्र फार मोठा आहे म्हणून. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र गिळतो, पण ती एवढ्या पाण्यात विभागली जाते की खोल पाण्याचे तापमान अंशाच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्शाने हलते. तेवढी हालचाल उपकरणाच्या स्वतःच्या चुकीपेक्षा लहान असेल, तर आपण समुद्र मोजत नसून उपकरणाचा आजार मोजत असतो.

हे नुसते तर्कट नाही. २००६ मध्ये जॉन लायमन, जोश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर चक्क थंड झाला आहे, असे त्यात म्हटले होते. तापमानवाढ ही थाप आहे असे म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीतच मिळाले. पण हिशेब जुळेना. समुद्राची पातळी तर वाढतच होती आणि पृथ्वीवर येणारी व परत जाणारी ऊर्जा मोजणारे उपग्रहही थंडीची साक्ष देत नव्हते. विलिस यांनी स्वतःचीच आकडेवारी उलगडून पुन्हा पाहिली. तेव्हा अटलांटिक महासागरातल्या काही आर्गो फ्लोटमध्ये दोष सापडला. त्यांचे तापमानाचे वाचन चुकीच्या खोलीच्या नावावर नोंदले जात होते. वरच्या उबदार पाण्याच्या जागी खालच्या गार पाण्याचा आकडा बसत होता. दुसरीकडे, जहाजांवरून टाकायच्या जुन्या एक्सबीटी नावाच्या उपकरणात उलटी चूक निघाली. त्यात दाब मोजायची सोयच नसते; पडायला किती सेकंद लागले यावरून खोली काढतात. तो पडण्याचा वेग गृहीत धरण्यात चूक होती, त्यामुळे आधीच्या वर्षांचा समुद्र खरोखरीपेक्षा उबदार दिसत होता. आधीचे आकडे फुगलेले आणि नंतरचे खाली आलेले. मधल्या मध्ये समुद्र थंड झाला! २००७ मध्ये त्या संशोधकांनी दुरुस्ती प्रसिद्ध केली.

ही गोष्ट संशयखोरांच्या बाजूची म्हणून सांगितली जाते. खरे तर ती देखभालीच्या बाजूची आहे. चूक सापडली, कारण शेजारी ताडून पाहायला दुसरी मोजणी होती आणि प्रत्येक फ्लोटची कुंडली जपलेली होती: कोणत्या गटाने बनवला, कुठे सोडला, कोणती संगणक प्रणाली वापरली. एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभराच्या सगळ्या रुग्णांचे पोटॅशियम वाढलेले दिसले, तर शहाणा पॅथॉलॉजिस्ट शहरात किडनीची साथ आली असे म्हणत नाही. तो कंट्रोल सीरम लावून यंत्र तपासतो. समुद्राचेही कंट्रोल सीरम असते. उत्तर अटलांटिकचे पाणी गाळून, तोलून, बाटल्यांत बंद करून ते जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवले जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते कोपनहेगनमध्ये बनत असे, आता इंग्लंडमध्ये बनते. गोव्यात, चेन्नईत किंवा जहाजावर कोणी क्षारता तपासतो, तेव्हा शेवटचा पुरावा ही बाटली असते.

पुढेही अशा चुका आल्या. २००९ मध्ये फ्लोटच्या दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये तेलाची सूक्ष्म गळती आढळली आणि काही काळ नवे फ्लोट सोडणे थांबवावे लागले. नंतर २०१५ च्या आसपास आणि पुढे बनलेल्या काही क्षारता सेन्सरना वेगळाच विकार जडला. पाणी होते तसेच असताना ते खारट, आणखी खारट असे सांगू लागले. म्हणूनच आर्गोची आकडेवारी दोन हप्त्यांत येते. पहिली काही तासांत, ढोबळ गाळणीतून काढून, हवामानाच्या अंदाजासाठी. दुसरी महिन्यांनंतर, तज्ज्ञाने एकेक फ्लोटचा आलेख शेजारच्या फ्लोटशी आणि जहाजावरच्या मोजणीशी ताडून पाहिल्यावर. दुसरे काम कंटाळवाणे आहे. त्यात छायाचित्र काढण्यासारखे काही नाही, फीत कापण्यासारखेही नाही.

पाण्यात सतत बुडालेल्या सेन्सरचा खरा शत्रू मात्र गळती नसून जीवसृष्टी आहे. स्वच्छ काच समुद्रात टाकली की काही तासांत तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. रुग्णाच्या लघवीच्या नळीवर किंवा शिरेतल्या कॅथेटरवर जो थर बसतो आणि अँटिबायोटिकलाही दाद देत नाही, त्याचाच हा खारा भाऊ. त्यावर शेवाळ येते, मग कवचाचे जीव घट्ट चिकटतात. कोळीवाड्यात हे कोणाला शिकवावे लागत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तळ खरवडतात, डागडुजी करून रंग लावतात. न खरवडलेल्या होडीला डिझेल जास्त लागते, एवढाच तोटा. सेन्सरच्या नळीत केसाएवढा थर बसला तर पाण्याचा मार्ग अरुंद होतो, वीज कमी वाहते आणि अरबी समुद्र गोडा होत चालल्याची बातमी तयार होते.

त्यावरचे उपाय साधे आहेत आणि कष्टाचे. सेन्सरभोवती तांब्याची जाळी किंवा पत्रा बसवतात. तांबे जिवांना सोसत नाही. प्रकाशाने मोजणाऱ्या सेन्सरवर गाडीच्या काचेसारखा छोटा वायपर फिरतो. काही ठिकाणी अतिनील किरणांचा दिवा असतो. क्षारतेच्या नळीच्या तोंडाशी विषारी टिन संयुगाची बारीक गोळी बसवतात. हे संयुग जहाजांच्या तळाच्या रंगात सर्रास वापरले जाई. त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरची कालवे विद्रूप झाली, गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले आणि २००८ पासून जहाजांवर त्याला आंतरराष्ट्रीय बंदी आली. उपकरणांत ते चिमूटभर उरले आहे, कारण तितके गुणकारी दुसरे काही अजून मिळालेले नाही. आर्गोने आणखी एक शहाणपण दाखवले आहे. तो बहुतेक आयुष्य गार, काळोख्या पाण्यात घालवतो, जिथे शेवाळ वाढत नाही. आणि पृष्ठभाग जवळ आला की पंप बंद करतो, म्हणजे वर तरंगणारा तेलाचा तवंग नळीत शिरत नाही.

जहाजावरून सोडून परत ओढून घेतलेल्या उपकरणाची सेवा मात्र माणसालाच करावी लागते. वर आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुणे. मीठ वाळून खडे झाले तर काचेच्या नळीला इजा होते. नळीतून सौम्य साबण आणि पातळ ब्लीच फिरवणे. रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, काढून पुसून, भिंगाखाली पाहून, पुन्हा ग्रीस लावून बसवणे. तिथे एक केस किंवा वाळूचा कण राहिला, तर हजार मीटरवरचा शंभरपट दाब त्या फटीतून पाणी आत घुसवतो आणि काही लाखांचे उपकरण संपते. जस्ताचा तुकडा झिजला की बदलणे. धातूला गंज लागायचा तो आधी त्याला लागावा म्हणून तो तिथे असतो. आणि वर्षातून एकदा उपकरण प्रयोगशाळेत पाठवून कॅलिब्रेशन: समुद्रात जाण्यापूर्वी एकदा, आल्यानंतर साफ न करता एकदा. न साफ करता का, तर थर बसलेल्या अवस्थेत ते किती चुकत होते ते कळावे म्हणून. घाई झालेला कर्मचारी आधी चकाचक धुऊन टाकतो आणि वर्षभराच्या आकड्यांची दुरुस्ती करण्याचा मार्गच धुतला जातो.

ऑक्सिजनची मोजणी आपल्या किनाऱ्यासाठी याहून महत्त्वाची आहे. मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचे पाणी वर चढते. त्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. वर वाढलेले प्लवक मरून तळाला कुजते आणि उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकते. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उथळ किनारी पट्ट्याच्या तळाशी काही ठिकाणी ऑक्सिजन संपतो आणि कुजलेल्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात एका ठरावीक जागी वर्षानुवर्षे जाऊन हे नोंदवले आहे. २००० साली सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले, की ही अवस्था तीव्र होत असून तिच्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. तळाचा मासा अशा वेळी तिथून पळतो. सापडेल तिथे एकदम सापडतो, नाहीतर जाळे रिकामे येते.

या कामात अजूनही अंतिम शब्द १८८८ सालच्या पद्धतीचा आहे. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती शोधली: बाटलीत पाणी घ्यायचे, मँगनीज आणि आयोडाइडची द्रावणे घालायची, तपकिरी साका बसतो, मग आम्ल घालून टायट्रेशन. बारावी सायन्सच्या प्रयोगशाळेत शोभेल असे हे काम, पण लाखमोलाच्या ऑक्सिजन सेन्सरची परीक्षा त्याच्यापुढेच होते. हे सेन्सर विचित्र आहेत. समुद्रात न सोडता नुसते कपाटात ठेवले तरी त्यांची संवेदनशीलता घटत जाते. खरेदी मार्चमध्ये, जहाज मिळाले पुढच्या जानेवारीत, म्हणजे सेन्सर सोडण्याआधीच थोडा म्हातारा झालेला असतो. यावर फ्लोट बनवणाऱ्यांनी सुंदर युक्ती काढली. दर दहा दिवसांनी फ्लोट वर आला की सेन्सर पाण्याबाहेर काढून हवेतला ऑक्सिजन मोजायचा. हवेत तो किती असतो हे पक्के माहीत आहे; तेवढा आकडा आला नाही तर सेन्सरची चूक तिथल्या तिथे कळते. भूलतज्ज्ञ सकाळी पहिल्या शस्त्रक्रियेआधी ऑक्सिजन ॲनालायझरला खोलीतली हवा दाखवून २१ टक्के येतात का पाहतो. तंतोतंत तेच.

आरोग्याशी याचा संबंध केवळ उपमांपुरता नाही. कॉलऱ्याचा जिवाणू मुळात खाडीच्या, निमखाऱ्या, उबदार पाण्यातला रहिवासी आहे. अमेरिकी संशोधक रीटा कोलवेल यांनी बांगलादेशातील कामातून दाखवले, की समुद्राचे तापमान आणि प्लवकांची वाढ यांचा तिथल्या कॉलऱ्याच्या चढउताराशी मेळ बसतो. जिवाणू प्लवकातल्या बारीक प्राण्यांना चिकटून राहतो. म्हणून पाणी जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून गाळले, तरी कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. त्याच कुळातला दुसरा जिवाणू, व्हिब्रिओ व्हल्निफिकस, जखमेतून शिरून काही तासांत हातपाय सडवू शकतो. यकृताच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला तो जीवघेणा ठरतो. २०१४ च्या उन्हाळ्यात बाल्टिक समुद्र विलक्षण तापला, तेव्हा स्वीडन आणि फिनलंडमध्ये व्हिब्रिओ संसर्गाचे रुग्ण वाढले. युरोपचे रोगनियंत्रण केंद्र आता समुद्राचे तापमान आणि क्षारता यांवरून धोक्याचा नकाशा काढते. आपल्या खाड्या वर्षभर उबदार असतात आणि पावसाळ्यात निमखाऱ्या होतात. असा नकाशा कोकणासाठी काढायचा झाला तर लागणारी मोजणी खाडीच्या तोंडाशी, गाळाने भरलेल्या पाण्यात व्हावी लागेल, जिथे सेन्सर आठवड्यांत लिंपून निघतो. तिथे यंत्र बसवणे सोपे. दर पंधरवड्याला ते काढून पुसायला माणूस ठेवणे, हा खरा खर्च.

आता नांगरलेल्या बोयांकडे. तरंगणाऱ्या वस्तूखाली मासे जमतात, हे जगातल्या प्रत्येक कोळ्याला ठाऊक आहे. म्हणून बोया दिसला की होड्या जवळ येतात, त्याला दोर बांधतात, जाळी अडकतात, तार तुटते. कधी सौर पट्ट्या आणि बॅटऱ्याही जातात. हिंद महासागरात रामाचे ४६ बोया लावण्याचा आराखडा होता. मासेमारी नौकांकडून होणारी नासधूस आणि पश्चिमेकडे सोमाली चाच्यांची दहशत, यांमुळे तो कधीच आखल्याप्रमाणे उभा राहिला नाही. चक्रीवादळाची सूचना ज्यांचा जीव वाचवते तेच ती देणारे यंत्र मोडतात, असे तक्रारीच्या सुरात सांगितले जाते. तक्रार अर्धीच खरी आहे. २०१७ च्या ‘ओखी’ वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या कोळ्यांना खोल समुद्रात वेळेवर इशारा पोचला नाही, ही जखम ताजी आहे. बोया आपला आहे असे वाटायला त्याचा आकडा आपल्या होडीपर्यंत यावा लागतो. बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत फलक लावून भागत नाही.

आणि नासधूस करायला कोळीच लागतात असेही नाही. कार्यालयेही ते काम करतात. प्रशांत महासागरातल्या त्या ताओ जाळ्याचे उदाहरण पाहावे. बोयांची वर्षाकाठी सेवा करणारे ‘कायमिमोआना’ हे जहाज ‘नोआ’ने काटकसरीसाठी २०१२ मध्ये निवृत्त केले. बोया कोणी काढले नाहीत, रद्द केले नाहीत. नकाशावर ते होते तसेच होते. फक्त बॅटऱ्या संपल्या, तारा तुटल्या, सेन्सर गप्प झाले. २०१४ च्या सुरुवातीस जाळ्यातून येणारी माहिती सुमारे ४० टक्क्यांवर आली होती, आणि नेमके तेव्हाच जग नव्या एल निनोची चाहूल घेत होते. आरडाओरडा झाल्यावर जहाजे भाड्याने घेऊन बरीचशी भरपाई झाली, पण मधली पोकळी कायमची राहिली. रुग्णाची न घेतलेली नाडी मागाहून घेता येत नाही.

भारतात पैसा नाही असे आता म्हणता येत नाही. २०२१ मध्ये ‘डीप ओशन मिशन’साठी पाच वर्षांचे ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांचे २,००० कोटी. माणसाला ६,००० मीटर खोल नेणारी मत्स्ययान पाणबुडी होईल, ती व्हावीही. पण सरकारी रुग्णालयांत वावरलेल्या कोणालाही एक चित्र परिचित असते: यंत्र चांगले, कंपनी नामांकित, उद्घाटनाचा फोटो भिंतीवर, आणि यंत्रावर ‘बंद आहे’ची चिठ्ठी. वॉरंटी संपली, देखभालीचा करार झाला नाही, सुटा भाग पाचशे रुपयांचा पण तो कोणत्या लेखाशीर्षाखाली घ्यायचा यावर फाइल फिरते आहे. खरेदी भांडवली खर्चात बसते, सांभाळणे महसुली खर्चात. आणि कात्री आधी महसुलावर चालते. समुद्रातले यंत्र तर चिठ्ठीही लावू देत नाही. ते चुकीचा आकडा पाठवत राहते.

म्हणून किती बोया लावले, हा आकडा संसदेत विचारण्यात अर्थ नाही. अपेक्षित वाचनांपैकी किती टक्के वाचने गेल्या वर्षी प्रत्यक्ष मिळाली, त्यांपैकी किती तज्ज्ञाच्या तपासणीतून पार पडली, आणि बोया बंद पडल्यापासून जहाज तिथे पोचायला सरासरी किती दिवस लागले, हे तीन आकडे दर वर्षी छापले जावेत. फ्लोटचा हिशेब तर सरळ आहे. बॅटरी चार-पाच वर्षे चालते, बहुतेक फ्लोट परत उचलले जात नाहीत. ४,००० चे जाळे टिकवायचे तर जगाने मिळून वर्षाला आठशे ते हजार नवे सोडले पाहिजेत, दर वर्षी, कायम. अमेरिकेने हात आखडला तर हिंद महासागरातला तिचा वाटा कोणी तरी उचलावा लागेल, आणि त्या समुद्राच्या पावसावर सर्वाधिक माणसे जगतात तो देश आपलाच आहे.

अरबी समुद्रात जहाज नेऊन बोया उचलणे, धुणे, सेन्सर बदलणे हे सोयीचे काम ऑक्टोबर ते मे या काळातच होते. जून उजाडला की समुद्र बंद. मोसमी पावसाआधी, आणि मे महिन्यातल्या वादळांआधी, सगळे बोया बोलते हवे असतील तर जहाज फार तर एप्रिलमध्ये बंदरातून निघाले पाहिजे. त्याचे डिझेल, सुटे भाग आणि कॅलिब्रेट केलेले सेन्सर यांचे पैसे मार्चअखेरच्या धांदलीत नव्हे, डिसेंबरात हातात पडले पाहिजेत.